शीर सापडत नाही आणि पेशंट खचत चाललाय, तेव्हा

प्रश्न एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे, थोडक्यात असा: ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला ते एकटेच डॉक्टर. जुलाब-उलट्यांनी कोलमडलेली पंचावन्न वर्षांची बाई आली. मधुमेही, वजन ऐंशीच्या घरात, हातपाय गार, मनगटाला नाडी लागत नाही, बीपी सत्तरच्या खाली. डॉक्टर, सिस्टर आणि नंतर बोलावून आणलेले लॅबवाले अशा तिघांनी मिळून अर्ध्या तासात दहा-बारा ठिकाणी टोचलं. शेवटी पायाच्या बोटाजवळ एक पिवळी कॅन्युला (शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी) बसली आणि तेवढ्यावर १०८ मध्ये घालून तिला जिल्ह्याला पाठवलं. ते विचारतात, अशा वेळी क्रम काय असावा? आणि मी आता सेंट्रल लाईन (मानेतल्या, छातीतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत लांब नळी घालणं) शिकून घ्यावी का?

मी भूलतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं ऑपरेशन थिएटर आणि कॅज्युअल्टी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतोय. ‘सर, शीर मिळत नाहीये, जरा येता का’ हा फोन मला इतक्या वेळा आला आहे, की फोन करणाऱ्याच्या आवाजावरूनच किती वेळ गेलाय ते कळतं. तुमचं वर्णन वाचून मला तुमच्या हातात दोष दिसला नाही. त्या खोलीत घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, हे मात्र दिसलं. हा अनुभव माझाही आहे. हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर असताना एका पोराच्या हातावर मी वीस मिनिटं झगडत होतो. प्रत्येक वेळी वाटायचं की ही बसणारच. मागे उभ्या असलेल्या वयस्क सिस्टर शेवटी म्हणाल्या, “डॉक्टर, सुई खाली ठेवा आणि पेशंटकडे बघा.” पोराचा श्वास मंदावत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. शिरेच्या मागे लागलेला माणूस आंधळा होतो. म्हणून प्रयत्न किती वेळ करायचा हे पहिली सुई हातात घेण्यापूर्वी ठरवायचं आणि मोठ्याने बोलून दाखवायचं: “सिस्टर, पाच मिनिटं. नाही मिळाली तर हाडात जायचं.” म्हणजे हाडाच्या मगजात सुई घालून तिथून पाणी द्यायचं, त्याबद्दल पुढे. एकाने दोनदा, मग दुसऱ्याने दोनदा, तिसऱ्याला बोलवायचं नाही. हृदय बंद पडलं असेल किंवा मूल शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोसळलेल्या अवस्थेत) असेल तर पाच मिनिटंही जास्त, तिथे दीड मिनिट पुरे.

त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, जो आपण जवळजवळ कधीच विचारत नाही: शीर हवी कशासाठी? औषध द्यायला, पाणी भरायला की रक्त चढवायला? पहिल्या कारणासाठी बरेचदा शिरेची गरजच नसते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अॅलर्जीत) अ‍ॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. तिथे शीर शोधत बसणं हीच चूक. झटके थांबत नसतील तर चाळीस किलोच्या वरच्या पेशंटला मिडॅझोलॅम दहा मिलिग्रॅम स्नायूत. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात स्नायूतलं मिडॅझोलॅम शिरेतल्या लोराझेपॅमपेक्षा कुठेही कमी पडलं नाही, कारण औषध आत जायला एका गटात १.२ मिनिटं लागली आणि दुसऱ्यात शीर शोधण्यापायी ४.८. इथे एक अडचण मात्र येते. आपल्याकडे बरेचदा एका मिलीत एक मिलिग्रॅमवाली वायल ठेवलेली असते. दहा मिली औषध कुणाच्या स्नायूत घालणार? पाच मिलिग्रॅमवाली मागवून ठेवा, आणि लहान मुलांसाठी नाकात मारायचा स्प्रे.

बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर ऑक्सिटोसिन दहा युनिट स्नायूत जातं. एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीमुळे, झटके येत असतील आणि शीर नसेल, तर मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येक कुल्ल्यात पाच-पाच ग्रॅम खोल स्नायूत देऊन पुढे पाठवता येतं, हे तुमच्या उपकेंद्रातल्या नर्सताईंनाही शिकवलेलं असतं. बेशुद्ध मुलाची साखर उतरली असेल तर शीर मिळेपर्यंत ओली केलेली चमचाभर साखर जिभेखाली ठेवता येते, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेतच हे आहे. कोकणातल्या लाल विंचवाचं उदाहरण मला नेहमी आठवतं. विंचू चावलेला पेशंट घामाने भिजलेला, हातपाय बर्फासारखे, शिरा आखडून गेलेल्या. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ज्या प्राझोसिनने त्या मृत्यूंची वाट अडवली, ते औषध तोंडाने द्यायचं असतं. पेशंट गिळू शकत असेल तर शिरेवाचून उपचार सुरू होतो. सापाचं मात्र याच्या अगदी उलट. प्रतिविष शिरेतूनच, किंवा शीर नसेल तर हाडातून. दंशाभोवती किंवा स्नायूत टोचण्यात काही अर्थ नाही.

तुमच्या बाईला पाणी हवं होतं, आणि तेही भरपूर. तीव्र निर्जलीकरणात पहिल्या अर्ध्या तासात किलोमागे ३० मिली हा हिशोब तुम्हाला पाठ असेल. ऐंशी किलोला २.४ लिटर झालं. आता कॅन्युलाच्या पाकिटावर छापलेले आकडे बघा. पिवळी, म्हणजे २४ गेज, मिनिटाला जेमतेम वीसेक मिली देते. निळी २२ गेज साधारण ३६, गुलाबी २० गेज साठच्या आसपास, हिरवी १८ गेज नव्वद. अर्ध्या तासात पिवळीतून सहाशे मिली, हिरवीतून २.७ लिटर. तेही प्रयोगशाळेतले आकडे, गार पडलेल्या पायात त्याहून कमीच. म्हणजे पिवळी ‘बसली’ तेव्हा खोलीत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, पण प्रश्न सुटलेला नव्हता. ती बसल्यावरही शोध चालू ठेवायला हवा होता. एक निळी आणि एक गुलाबी मिळून काम भागतं, एकच मोठी हवी असा हट्ट नको.

यामागचं गणित सोपं आहे. नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीने कमी होतो. त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह सोळा पट. म्हणून आखूड आणि जाड हवी. सोळा सेंटिमीटर लांबीची तीन तोंडांची सेंट्रल लाईन दिसायला रुबाबदार, पण पाणी ओतायच्या कामात हाताच्या आखूड हिरव्या कॅन्युलापुढे ती मागे पडते. सेंट्रल लाईन शिकावी का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

प्रवाह वाढवायला प्रेशर बॅग (सलाईनची पिशवी बाहेरून दाबणारा पट्टा) नसेल तर थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी लावून पन्नास मिलीच्या सिरिंजने ओढायचं आणि ढकलायचं. हात दुखतात, पण पाणी जातं. एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका: सलाईनच्या बाटलीत सुई खुपसून सिरिंजने हवा भरणं. मी हे अजूनही बघतो. बाटली संपली की तीच हवा शिरेत जाते.

आता शोधण्याबद्दल. आपण सगळे सवयीने हाताच्या मागच्या बाजूला आणि कोपराच्या खळगीत बघतो, तिथे नाही म्हटलं की हात टेकतो. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, रेडियस हाडावरून जाणारी सेफॅलिक शीर बहुतेकांना असते, जाड माणसातही बोटाला लागते. पुढच्या हाताची करंगळीकडची मागची बाजू तर कुणी बघतच नाही, कारण त्यासाठी पेशंटचा हात कोपरात वाकवून वर उचलून बघावं लागतं. तिथे बॅसिलिकच्या फांद्या असतात, कुणी न टोचलेल्या. पायाच्या आतल्या घोट्याच्या किंचित पुढून आणि वरून जाणारी लाँग सॅफेनस शीर जवळजवळ ठरलेल्या जागी असते. दिसली नाही तरी बोटाने चाचपून, जागेच्या भरवशावर घेता येते. मधुमेह्याच्या पायात सुई नको हे बरोबर, पण बीपी सत्तर असताना तो नियम बाजूला ठेवायचा आणि दुसरी सोय झाली की पायातली काढून टाकायची.

रबरी पट्टा बांधला की लगेच टोचायचं नाही, दीड-दोन मिनिटं थांबायचं. हात पलंगाखाली लोंबू द्यायचा. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळायचा. त्याने जे साधतं ते चापट्या मारून साधत नाही. बीपीचा पट्टा डायस्टोलिकच्या, म्हणजे बीपीच्या खालच्या आकड्याच्या, जरा खाली फुगवून ठेवला तर रबरी नळीपेक्षा चांगला काम करतो, जाड दंडाला तर नक्कीच. उलट वयस्क, पातळ कातडीच्या माणसात पट्टा सैल ठेवा किंवा काढूनच टाका, नाहीतर सुई लागताच शीर फुगते आणि सगळे म्हणतात, ‘फुटली’. शॉकमध्ये आणखी एक फसगत होते. सुई शिरेत असते, पण रक्त मागे येत नाही, कारण आत दाबच नसतो. आपण पुढे ढकलतो आणि शीर आरपार जाते. अशा वेळी कॅन्युलाच्या मागे थोडं सलाईन असलेली सिरिंज लावून हलकं ओढत जायचं, आणि बाहेर काढतानाही हळूहळू काढायचं. बाहेर येताना रक्त दिसण्याचा योग अनेकदा येतो.

आणि कॅन्युला बसल्यावर ती टिकवायची. घामाने ओल्या कातडीवर चिकटपट्टी चिकटत नाही. पुसा, कोरडं करा, वरून बँडेज गुंडाळा. अर्धा तास खपून मिळालेली शीर स्ट्रेचरवर घेताना निघाली, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येणंही बंद झालंय.

मानेवरची बाहेरची ज्युग्युलर शीर ही विसरली गेलेली सोय. डोक्याकडची बाजू थोडी खाली, मान दुसरीकडे वळवलेली, कॉलरबोनच्या वर बोटाने हलका दाब. जबड्याच्या कोनापासून कॉलरबोनच्या मध्याकडे तिरकी उतरणारी रेघ दिसू लागते. कातडी जाड असते, शीर सरकते, म्हणून कातडी ताणून धरायची, सिरिंज लावूनच जायचं आणि कॅन्युलाचं तोंड उघडं राहू द्यायचं नाही, हवा ओढली जाते. मान वळली की थेंब थांबतात, एवढा एक त्रास. मानेला मार लागलेल्या पेशंटमध्ये हा विचार सोडून द्या. श्वास लागून बसलेल्या माणसाला आडवं करता येत नाही, पण त्याची ही शीर मुळातच टरारलेली असते.

इथपर्यंत पाच मिनिटं संपली. आता हाड.

हाडात सलाईन देतात म्हटलं की अजूनही पुष्कळ डॉक्टरांच्या भुवया वर जातात, हे काहीतरी नवं, परदेशी, महागडं वाटतं. कल्पना १९२२ सालची आहे, अमेरिकेत ड्रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना छातीच्या हाडातून असं द्रव दिलं जात असे. पुढे प्लास्टिकच्या कॅन्युला आल्या आणि लोक विसरले. ती परत आणली ती आपल्या देशातल्या पटकीच्या साथीने. जेम्स ऑर्लोव्स्की नावाचे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ भारतात आले असताना त्यांनी इथल्या डॉक्टरांना सुकून गेलेल्या पेशंटच्या हाडात सुई घालून पाणी देताना पाहिलं, आणि १९८४ मध्ये तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात लिहिलं की हे आपण का करत नाही? म्हणजे तुमच्यासमोर आलेल्या बाईसारख्याच पेशंटवरून जग हे पुन्हा शिकलं. आपण मात्र ते बाहेरून आलेलं समजतो.

तत्त्व असं की शॉकमध्ये शिरा मिटतात, हाडाच्या मगजातल्या शिरा मिटत नाहीत, त्यांना हाडाच्या भिंतींनी उघडं धरलेलं असतं. जागा: मोठ्या माणसात गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्यापासून आतल्या बाजूला दोनेक सेंटिमीटर, जिथे हाड कातडीखाली सपाट लागतं. मुलात त्या उंचवट्याच्या एक-दोन सेंटिमीटर खाली, आतल्या सपाट भागावर, म्हणजे वाढीचा भाग वाचतो. खांद्याजवळची दंडाच्या हाडातली जागाही चांगली आणि तिथून पाणी वेगात जातं, पण नवख्याने नडगीपासून सुरुवात करावी. पायाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. तुमचा दुसरा हात पायाच्या मागे कधीही ठेवू नका. सुई आरपार आली तर तुमच्या तळव्यात घुसते.

बॅटरीवर चालणारी ड्रिल असेल तर उत्तम. सुई कातडीतून घालून आधी हाडाला टेकवायची आणि बाहेर निदान पाच मिलिमीटरची खूण दिसतेय ना ते बघायचं. दिसत नसेल तर सुई आखूड पडतेय. तुमच्या बाईसारख्या स्थूल पेशंटमध्ये नेमकं हेच होतं, म्हणून ड्रिलच्या लांब, पिवळ्या रंगाच्या सुया वेगळ्या ठेवाव्या लागतात. मग ड्रिल सुरू करून हलक्या हाताने, वजन न टाकता. अवरोध एकदम गेला की थांबायचं.

ड्रिल नाही म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. मगज तपासायची जमशिदी सुई तुमच्या जिल्हा रुग्णालयात बहुधा असते. हातात धरून, गोल-गोल फिरवत, ठाम दाबाने ती मोठ्यांच्या नडगीतही जाते. घाम निघतो, पण जाते. लहान मुलांत तीही नसेल तर जाड साधी सुई किंवा बटरफ्लाय चालते, हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत दिलं आहे. छातीच्या हाडात मात्र त्यासाठी खास बनवलेलं साधन असल्याशिवाय जाऊ नका, मागे हृदय आहे.

बसली हे कसं कळतं? सुई आधाराशिवाय उभी राहते. ओढल्यावर मगज येतो, पण दर वेळी नाही, आणि नाही आला म्हणून काढून टाकू नका. दहा मिली सलाईन जोरात ढकललं आणि पोटरी फुगली नाही, तर बसली. हा फ्लश चुकवणारे लोक मग तक्रार करतात की हाडातून थेंब पडत नाहीत. मगजाचं जाळं त्या पहिल्या धक्क्यानेच मोकळं होतं. पुढेही नुसत्या उंचीवर लटकवून भागत नाही, दाब द्यावाच लागतो, नाहीतर वर सांगितलेली पन्नास मिलीची सिरिंज आहेच. शुद्धीवर असलेल्या पेशंटला सुई जाताना फार दुखत नाही, फ्लश करताना जीव जातो. म्हणून आधी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं दोन टक्क्यांचं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) दोन मिली, दोन मिनिटांत सावकाश, मग मिनिटभर थांबून फ्लश. हृदय बंद पडलेल्याला अर्थातच हे लिग्नोकेन नको.

यातून काय जातं? शिरेतून जाणारं जवळपास सगळंच. रक्त, अ‍ॅड्रेनॅलिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, पातळ केलेलं ग्लुकोज, सर्पदंशाचं प्रतिविष. ओढलेल्या मगजावर साखर बघता येते, रक्तगटासाठीही पाठवता येतो, पोटॅशियमवर विसंबू नका, आणि लॅबला हा मगज आहे हे लिहून कळवा, नाहीतर मशीन तुंबलं म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणी खाल. त्याच हाडात फ्रॅक्चर असेल, गेल्या दोन दिवसांत त्याच हाडाला भोक पाडलेलं असेल, कातडीला संसर्ग असेल किंवा तिथे सांधा बदललेला असेल, तर दुसरा पाय. चोवीस तासांच्या आत काढायची. हाडात जंतुसंसर्ग होईल ही भीती सगळ्यांना असते, पण ते एक टक्क्याहून कमी वेळा होतं आणि तेही बहुधा सुई जास्त वेळ ठेवल्याने. मला जास्त धास्ती पोटरीची वाटते. सुई थोडी सरकली, पाणी बाहेर साचत गेलं आणि चादरीखाली कुणी बघितलंच नाही, तर पाय जाऊ शकतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी पोटरी दाबून बघायची जबाबदारी नाव घेऊन एकाला द्या.

हाड हे सर्वांत श्रेष्ठ असं मात्र मी म्हणत नाही. हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या पेशंटांवर ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये झालेले मोठे अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेऐवजी थेट हाडापासून सुरुवात केल्याने जास्त माणसं वाचली नाहीत. शीर समोर दिसत असेल तर तीच घ्या.

यानंतर सोनोग्राफी. बाराही महिने शिरा न मिळणारे लोक, म्हणजे डायलिसिसचे, केमोथेरपी झालेले, सिकलसेलचे, वर्षानुवर्षं टोचून घेतलेले, यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. पण आपल्याकडची गोष्ट वेगळी. मशीन असतं, ते कुलपात असतं. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे यंत्राची, जागेची, वापरणाऱ्याची नोंदणी लागते, आणि रात्री दोन वाजता किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. कायद्यामागचं कारण मला मान्य आहे, पण कॅज्युअल्टीच्या डॉक्टरचं नाव रीतसर नोंदवून घ्यायला तो अडवत नाही. तेवढा पत्रव्यवहार दिवसाउजेडी करून ठेवा.

मशीन मिळालं तर सरळ प्रोब घ्या आणि दंडाच्या आतल्या बाजूला बॅसिलिक शीर शोधा. दाबली की मिटते ती शीर, दाबूनही धडधडते ती धमनी. ब्रेकियल शिरा मोठ्या दिसतात, पण त्यांच्या शेजारी धमनी आणि मीडियन नर्व्ह असते, तिकडे उगीच जाऊ नका. सगळे फसतात ते लांबीत. शीर दीड सेंटिमीटर खोल असेल आणि तुम्ही ४५ अंशांत गेलात, तर नुसतं पोचायलाच २.१ सेंटिमीटर खर्च झाले. गुलाबी कॅन्युला ३२ मिलिमीटरची. शिरेत राहिली सेंटिमीटरभर. पेशंटने कोपर वाकवला की ती बाहेर, आणि दंड सुजायला लागेपर्यंत कुणाला कळत नाही. म्हणून लांब कॅन्युला, नाहीतर एक सेंटिमीटरच्या आतली शीर. इन्फ्रारेडवाले ‘शीर दाखवणारे’ दिवे विकायला येतात, ते उथळ शिरा दाखवतात, आणि शॉकमध्ये उथळ शिराच नाहीशा झालेल्या असतात. त्या पैशात हाडाच्या सुया घ्या.

सेंट्रल लाईन आणीबाणीत घालावीच लागली, तर तुमच्या जागी मांडीची. जांघेच्या खाली बाहेरून आत मोजत या: नर्व्ह, धमनी, शीर. धमनीच्या ठोक्याच्या आत सेंटिमीटरभर. छातीत हवा भरण्याचा धोका नाही, रक्त आलं तर दाबून धरता येतं, छाती दाबणाऱ्याच्या मध्ये तुम्ही येत नाही. घोणस किंवा फुरसं चावून रक्त गोठायचं थांबलेल्या पेशंटच्या मानेत किंवा कॉलरबोनखाली सुई घालणं म्हणजे संकट ओढवून घेणं, कारण तिथे दाबायला जागा नाही. १९५३ पासून आपण सेल्डिंगरांच्या पद्धतीने तारेवरून नळी सरकवतो, आणि तेव्हापासूनच कुणी ना कुणी ती तार आत विसरतो. तारेचं टोक बोटांतून सोडायचं नाही, कितीही घाई असली तरी. घोट्याजवळ कापून शीर उघडी करायची जुनी पद्धत आमच्या वेळच्या सर्जनांना पाच मिनिटांत जमायची. आता शिकवणारेही उरले नाहीत, तुमच्याकडे कुणी असेल तर बघून ठेवा.

नवजात बाळाचं वेगळं सांगतो, कारण तुम्ही प्रसूतीही करता. पहिल्या काही दिवसांत नाळेची शीर उघडी असते: तीन भोकांतलं मोठं, पातळ भिंतीचं एक. दोन ते चार सेंटिमीटर नळी सरकवली आणि रक्त आलं की थांबायचं.

डायलिसिसच्या पेशंटचा फिस्टुला (डायलिसिससाठी धमनीला जोडलेली शीर) असलेला हात सोडा. मानेला डायलिसिसची कॅथेटर (नळी) असेल आणि जीव जात असेल तर ती वापरा, पण त्यात रक्त गोठू न देणारं हेपॅरिन भरलेलं असतं, आधी दोन्ही तोंडांतून पाच-पाच मिली ओढून फेकून द्या.

बीपी वाढवणाऱ्या औषधासाठी सेंट्रल लाईनच हवी, असं समजून थांबणारे अनेक आहेत. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या) २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही म्हटलंय की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हाताच्या शिरेतून तात्पुरतं सुरू करा, वेळ दवडू नका. शीर चांगली, कोपराच्या आसपासची किंवा त्याच्या वरची हवी. हाताच्या मागच्या निळीतून नको. जागा सतत उघडी ठेवा, पांढरी पडली की बंद.

पुढे पाठवताना चिठ्ठीत कुठे-कुठे काय घातलंय आणि हाडाची सुई किती वाजता घातली ते लिहा. मनगटाला पट्टी बांधून त्यावरही वेळ टाका, कारण चिठ्ठी नातेवाइकांच्या खिशात राहते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सेंट्रल लाईन तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी हाड, मग सोनोग्राफीवर दंडाची शीर, मग मांडी. हाड शिकायला वर्कशॉपची वाट बघायला नको. रविवारी कोंबडीवाल्याकडून सात-आठ अख्ख्या तंगड्या आणा, मांस काढू नका. जमशिदी सुई घ्या, सिस्टर, ब्रदर, १०८ चे डॉक्टर सगळ्यांना बोलवा. कडक कवच कसं लागतं, ते फुटताना हाताला काय कळतं, सुई उभी राहते म्हणजे नेमकी कशी, हे प्रत्येकाने दोनदा-तीनदा करून बघा. निळ्या शाईचं पाणी सिरिंजने सोडलं तर हाडाच्या दुसऱ्या टोकाला रंग चढतो की बाजूच्या मांसात पसरतो, तेही दिसतं. आमच्याकडे हे दर तीन महिन्यांनी होतं, आणि मागच्या वेळी सगळ्यात पटकन सुई बसवली ती नव्यानेच आलेल्या सिस्टरांनी.